शकुनाचा एक

३ ऑगस्ट १९९२, सोमवार

देवगाव फाट्याच्या ढाब्याची पाटी आज चढवली. सत्तावीस वर्षं ब्रश धरतोय, इतकी वाईट पाटी हातून कधी गेली नव्हती. 'शाकाहारी'च्या प्रत्येक अक्षराची कड नागमोडी. मालक खाली उभा राहून बराच वेळ बघत होता. उद्या परत रंगवून देतो, असं मी शिडीवरूनच म्हणणार होतो. तर तो म्हणाला, "पेंटर, ही नवी ष्टाईल हाय का?"

हो म्हणालो. पुण्याकडं हेच चालतं म्हणालो. साफ खोटं.

उजवा हात थरथरतो. कोणाला सांगितलेलं नाही, हिलासुद्धा नाही. इथंच पहिल्यांदा लिहितोय आणि लिहितानाच बघा काय अक्षर उमटतंय. अठ्ठ्याहत्तर साली शिडीवर एका पायावर उभं राहून नामांतराच्या घोषणा लिहिल्या होत्या भिंतींवर, दोरी न लावता. लोक लांबून बघून म्हणायचे छापील आहे. तोच हात हा.

हिनं चहा दिला. अर्धा कप. विचारलं तर म्हणते, "जास्त चहानं पित्त होतं." लग्नाला चोवीस वर्षं झाली, माझं पित्त हिला आत्ता आठवलं.

५ ऑगस्ट, बुधवार

दत्ताचा निरोप होता म्हणून स्टेशन रोडला त्याच्या स्टुडिओत गेलो. तो लग्नांचं शूटिंग करतो आणि कॅसेटीच्या सुरुवातीची नावं, गणपती, वधूवरांची चौकट हे सगळं मी काळ्या कार्डावर रंगवून देतो. सहा-सात वर्षं झाली. आज बघतो तर रंगाच्या डब्यांच्या जागी कॉम्प्युटर. सोबत एक पेटी. ती म्हणे त्याच्यातलं चित्र शूटिंगच्या चित्रावर चढवते.

द. म्हणाला, "मामा, आता गनपती आपोआप मोठा हुतो. बारीक ठिपका येतो न् वाढत वाढत टीव्हीभर. नांदेडवाले करायलेत. गिऱ्हाईक तिकडं जायलंय."

मग मी काय करू, विचारलं.

"तुमी शिका. चित्राचा अंदाजा तुमाला हाय, मला न्हाई. औरंगाबादवाल्यानं सप्टेंबर सरंपोतर वापरून बघा म्हणलंय. जमलं तर ठेवू. न्हाई जमलं तर मशीन वापस, न् टायटलं नांदेडहून करून आणीन."

म्हणजे सरळ हिशेब. हे जमलं नाही तर कार्डंही गेली आणि यंत्रही गेलं. ब्रशाचं काय झालंय ते माझं मला माहीत. हो म्हणून आलो.

६ ऑगस्ट, गुरुवार

माऊस नावाची वस्तू हातात धरली. पडद्यावरचा बाण लगेच थरथरायला लागला. दत्ताचं लक्ष नव्हतं. खिशातला हातरुमाल मनगटाखाली ठेवला, कोपर टेबलाला टेकवलं, मग जरा बरं. म्हातारी माणसं काठी लपवतात तसं झालंय माझं.

९ ऑगस्ट, रविवार

चार दिवसांत एवढं कळलं. चित्र मोठं करायचं तर एक चौकट उघडते. तिच्यात तीन खाने. सुरुवातीला चित्र किती ठिपके रुंद, शेवटी किती ठिपके, आणि तेवढं वाढायला फ्रेम किती. फ्रेम म्हणजे एकेक सुटं चित्र, टीव्हीत एका सेकंदाला अशा पंचवीस जातात. बाकी सगळं यंत्र भरतं.

पहिला गणपती वाढला तो उजवीकडं खाली सरकत गेला. सोंड टीव्हीबाहेर. द. हसून बेजार. यंत्रासोबत आलेल्या पुस्तकात चित्रं बघून बघून शोधलं. वाढ कुठून धरायची ते सांगायचं असतं, कोपऱ्यातून की मधून. आम्ही न सांगितल्यामुळं ते कोपऱ्यातून धरत होतं. मी आयुष्यभर चित्र मोठं करताना आधी मधली रेघ मारत आलो आणि इथं विसरलो. 'मधून' केलं. गणपती जागेवर आला.

जागेवर आला पण थरथरतोय.

दुपारी बोरीच्या कावेरीबाई आल्या. मे महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न झालं, शूटिंग मुलाकडच्यांनी दत्ताला दिलेलं, कॅसेट अजून व्हायची आहे. नवरा वारून तीन वर्षं झाली. दोघंही ऊस तोडायला जायचे. पदरातून फोटो काढला. साखर कारखान्यावर टोळीचा काढलेला, वीसेक माणसं, त्यात नवऱ्याचा चेहरा चिंचोक्याएवढा. दुसरा फोटो नाही.

म्हणाल्या, "भाऊ, आंतरपाट धरला की तिथं हे येऊ द्या. बारीक येऊ द्या, मग मोठे हुऊ द्या. पोरीच्या पाठीशी मानूस हुबा हाय असं दिसलं पायजे. दसरा झाला की मी टोळीसंगं जाती. त्याच्या आदी एकडाव बघू द्या."

दत्ता हो म्हणून मोकळा. मी आत जाऊन पाणी प्यायलो.

१२ ऑगस्ट, बुधवार

अजून थरथर. गणपती, फुलांची चौकट, काहीही घ्या, वाढताना डावीउजवीकडं टकटक हलतं. द. नं एसटीडीवरून औरंगाबादला फोन लावला. तिकडचा म्हणाला, तुमच्याकडं करंट खालीवर होतो, स्टॅबिलायझर लावा. लावला. थरथर तशीच, फक्त आता खोलीत गुरगुर वाढली.

१८ ऑगस्ट, मंगळवार

व्हीसीआरचं हेड स्पिरिटनं पुसलं. वायरी बदलल्या. टीव्ही बदलून बघितला, शेजारच्या हॉटेलातला आणून. द. नं यंत्राला नारळ फोडला. यंत्र तसंच.

एक लिहायचं टाळतोय ते लिहितो. मला वाटतंय हे माझ्या हातामुळं होतंय. खान्यात आकडे मी भरतो, बटण मी दाबतो, माऊस माझ्या हाताखाली. हाताचा कंप वायरीतून आत जात असणार. दत्ताला कसं सांगू. सांगितलं की संपलंच.

हिनं पुन्हा अर्धाच कप दिला. कंजूस झाली आहे अलीकडं.

२० ऑगस्ट, गुरुवार

आज हिय्या केला. द. ला म्हणालो, मला डोळ्यांना त्रास होतोय, तू बस, मी सांगतो तसं कर. तो बसला. त्यानं आकडे भरले, त्यानं बटण दाबलं. मी दोन हात मागं बांधून दाराशी, यंत्रापासून चांगला चार हातांवर.

थरथरला. तस्सा थरथरला गणपती.

मला इतका आनंद झाला की द. म्हणाला, "मामा, बिघडायलंय न् तुमी हसायलाव का?" काय सांगू त्याला. हा कंप माझा नाही. हा त्या यंत्राचा आहे आणि यंत्राचा असेल तर तो सापडेल. येताना मोंढ्यातून हिच्यासाठी पावशेर पेढे घेतले. कशाचे विचारलं तर म्हणालो, बिघाड कायम असल्याचे. तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

२६ ऑगस्ट, बुधवार

दोन दिवस लाईट नाही. शेजारी गणपतीच्या मूर्ती रंगवायचं काम चालू होतं, तिथं जाऊन बसलो. डोळे आखत होता एक जण. कसा स्थिर हात. पाच मिनिटं बघितलं आणि उठलो.

२ सप्टेंबर, बुधवार

द. धीर सोडायला लागलाय. म्हणाला, "मामा, नांदेडवाल्याशी बोलून ठेवू का?" मला राग आला. म्हणालो, महिना संपू दे मग बोल. अजून अठ्ठावीस दिवस माझे आहेत. जरा चढ्या आवाजात बोललो. गिऱ्हाईक बसलं होतं. बोलायला नको होतं, पण बोललो ते बरं झालं.

विचार केला, आपण हे कॉम्प्युटरवाल्यासारखं बघतोय आणि आपण कॉम्प्युटरवाले नाही. आपण पेंटर. चित्र चुकलं की पेंटर काय करतो, चौकोन पाडतो आणि मोजतो.

४ सप्टेंबर, शुक्रवार

फोटोच्या फ्रेमची काच काढली, तिच्यावर चौकोन आखले (पट्टी दत्ताला धरायला लावली, पेन्सिल मी, मग पेन्सिलही त्यालाच दिली) आणि काच टीव्हीवर चिकटपट्टीनं बसवली. मधली रेघ टीव्हीच्या बरोबर मध्ये. यंत्रात भिंगाचं बटण आहे, ते दाबलं की ठिपके हरभऱ्याएवढे दिसतात. एकेक फ्रेम थांबवून मोजायला बसलो. मोजायला हात लागत नाही, डोळे लागतात. डोळे माझे अजून घारीचे आहेत.

खान्यात आकडे होते ११, २०१, ५१. म्हणजे अकरा ठिपक्यांपासून दोनशे एकपर्यंत, एक्कावन्न फ्रेममध्ये.

पहिल्या फ्रेमला ११. मग १५. मग १९. मग २२. मग २६. मग ३०.

वाढ किती, तर चार, चार, तीन, चार, चार.

हे लिहून कागदाकडं बघत बसलो. चार वाढले की दोन डावीकडं, दोन उजवीकडं. मधली रेघ हलत नाही. तीन वाढले की एक-एक दोन्हीकडं, आणि उरलेला एक बिचारा कुठं जाणार? डावीकडं गेला की चित्र डावीकडं कललं. पुढच्या वेळी उजवीकडं. तीच थरथर.

द. ला ओढत आणून दाखवलं. म्हणालो, हे अकरा, दोनशे एक, एक्कावन्न कोणी सांगितले तुला?

"कोन सांगंल, मामा? मंगल काम हाय. वरचा एक ठेवल्याबिगर कसं चालंल?"

आणि खरं म्हणजे पहिल्या दिवशी ते आकडे मीच भरले होते. कोणी न सांगता. आहेराच्या पाकिटात शंभरावर एक ठेवतो तसा हात आपोआप गेला. गणपतीच्या चित्राला शून्यावर संपणारा आकडा द्यायचं डोक्यातच आलं नाही. औरंगाबादवाल्याला फोनवर आम्ही वायरी सांगितल्या, करंट सांगितला, आकडे कधी सांगितलेच नाहीत. त्यात सांगण्यासारखं काय आहे असं वाटलं.

५ सप्टेंबर, शनिवार

सगळे वरचे एक काढून टाकले. शेवटचा आकडा जरा वाढवून वाढ बरोबर दोनशेची केली. १०, २१०, ५०. दत्तानं तोंड फिरवलं. बटण दाबलं.

गणपती आला. जवळजवळ स्थिर. आधी दहा झटके असायचे, आता मोजून चार.

पण चार आहेतच. द. म्हणाला, "चालंल की, मामा, कोनाला कळतंय." मला कळतंय ना. कावेरीबाईंनी उभा माणूस मागितलाय, चार ठिकाणी उचकी लागलेला नाही मागितला.

६ सप्टेंबर, रविवार

झालं. झालं. झालं.

लिहायचं कसं ते कळत नाही. क्रमानं लिहितो.

सकाळी द. आला तोच घुश्शात. स्टुडिओत गणपती बसलेला, आरती झाली, आणि हा म्हणतो, "मामा, दहा न् पन्नास न् शून्य न् शून्य. मला रात्रभर झोप न्हाई. लोकांच्या लगनाची कॅसेट हाय. तिन्ही खान्यांत न्हाई तर निदान एका खान्यात तरी वरचा एक राहू द्या."

मी चिडलो. इतकं मोजून दाखवलं तरी याचं तेच. त्याला धडा शिकवावा म्हणून म्हणालो, बरं, ठेव तुझा एक, कुठं ठेवायचाय सांग. तो म्हणाला फ्रेमच्या खान्यात. पन्नासाचे एक्कावन्न केले. म्हणालो आता बघ कसा नाचतो ते. बटण दाबलं.

गणपती आला तो तुपातून आल्यासारखा. एक झटका नाही.

मी पुन्हा दाबलं. पुन्हा. अकरा वेळा बघितलं. दत्ता गणपतीकडं बघून हात जोडून उभा. मला त्याचा इतका राग आला आणि इतका लाड आला की विचारू नका.

मग कागद घेऊन बसलो आणि उलगडलं. पन्नास गाळ्यांच्या मांडवाला ओळीत एक्कावन्न खांब लागतात. फ्रेम म्हणजे खांब. वाढ होते ती गाळ्यात. दोनशे ठिपके वाढवायचे, फ्रेम पन्नास दिल्या तर गाळे एकोणपन्नास, भागच जात नाही, म्हणून चार उचक्या. फ्रेम एक्कावन्न दिल्या की गाळे पन्नास, प्रत्येकात चार. दोन इकडं, दोन तिकडं. सुटलं.

म्हणजे शकुनाचा एक दोन खान्यांत बिनकामाचा होता आणि एका खान्यात बरोबर होता. द. ला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे मी बराबर होतो." म्हणालो, तीनात एक. "तीनात एक तर एक. पर बराबर होतो." दिवसभर तेच ऐकवत होता. ऐकवू दे.

औरंगाबादवाल्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, हे आम्हाला पण माहीत नव्हतं, आमच्याकडं पण हलतं. परत सांगा म्हणाला, लिहून घेतो. परभणीचा पेंटर सांगतोय आणि औरंगाबाद लिहून घेतंय. सावकाश सांगितलं, दोनदा.

१४ सप्टेंबर, सोमवार

कावेरीबाईंचा फोटो घेतला. पहिल्यांदा चिंचोका तसाच मोठा केला तर चेहरा नुसते विटांचे चौकोन. मग डोकं चाललं. कॅमेरा फोटोच्या अगदी जवळ नेऊन चेहराच मोठा टिपला आणि यंत्रात सुरुवातीला तो लहान करून ठेवला. वाढतो तेव्हा तो आपल्या मूळ आकाराला येतो, ताणला जात नाही. टोपीची घडीसुद्धा दिसते. हनुवटीवर व्रण आहे तोही दिसला, फोटोत बघताना नव्हता दिसला.

२०, २२०, १०१. शंभर गाळे, प्रत्येकात दोन. चार सेकंद लागतात. बाप असा घाईघाईनं येत नाही, सावकाश येतो.

आंतरपाटाच्या वर डावीकडं बसवला. मुलगी खाली मान घालून उभी आहे, तिच्या मागं.

२० सप्टेंबर, रविवार

पितरांचा पंधरवडा चालू आहे. द. म्हणत होता, या दिवसांत दाखवू नये, बाईंना पुढच्या आठवड्यात बोलवू. बाई आधीच बोरीहून एसटीनं येऊन पायरीवर बसलेल्या. त्या म्हणाल्या, "याच दिसात तर मानूस घरी येतंय, भाऊ. लावा."

लावली. मंगलाष्टकं चालू झाली. आंतरपाट धरला. चिंचोक्याएवढा नवरा आला आणि वाढायला लागला. मी टीव्हीकडं बघतच नव्हतो, मला ते पाठ आहे. बाईंकडं बघत होतो.

त्या रडतील असं वाटलं होतं. रडल्या नाहीत. टीव्हीच्या जवळ सरकून म्हणाल्या, "थांबलेत."

मला वाटलं कॅसेट अडकली. म्हणालो, नाही, पुढं चालू आहे.

"कॅसेट न्हाई, भाऊ. हे. जल्मभर एका जागी ऱ्हायले न्हाईत. दसरा झाला की कोयता घ्यायचा न् निघायचं. पोरगी झाली तवा बी फडातच होते. आज थांबलेत बघा. पोरीच्या मागं थांबलेत."

पुन्हा लावायला सांगितली. तीनदा बघितली. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला, उजवा. थरथरला असणारच. त्यांनी तो सोडला नाही. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

२८ सप्टेंबर, सोमवार

द. नं औरंगाबादला कळवलं, मशीन ठेवतोय. जिंतूरची दोन लग्नं आणि सेलूचं एक आलं, तिन्हीकडं 'तो न हलणारा गणपती' पाहिजे. दारावर पाटी लावायची म्हणतोय, त्यात माझं नाव घालणार. कोण रंगवणार, मी विचारलं. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमीच की, मामा. दुसरं कोन हाय?"

त्यात दुपारी सेलूचा एक हॉटेलवाला शोधत आला. देवगाव फाट्याची पाटी बघितली म्हणे. तसलीच नागमोडी अक्षरं त्याला पाहिजेत. "साधं नगं, पेंटर. तसलंच पायजे, लय भारी दिसायलंय." मला हसू आवरेना. कळवतो म्हणालो.

संध्याकाळी घरी आलो, सगळं सांगितलं हिला. तिनं ऐकून घेतलं आणि चहा आणला. अर्धा कप. आज माझी छाती फुगलेली. म्हणालो, आज तरी भरून द्यायचास. का देतेस अर्धा, खरं सांग.

ती समोर बसली. मग म्हणाली, "भरून दिला की तुमी दोनी हातांनी धरता. मग सगळा वेळ कपाकडं बघता. माझ्याकडं बघत न्हाई न् बोलत बी न्हाई. अर्धा दिला की बोलता."

कधीपासून माहीत आहे, विचारलं.

"होळीपासून."

होळीपासून. सहा महिने मी हातरुमाल लपवतोय, मनगट लपवतोय, आणि ही गुपचूप कप अर्धे करतेय. माझ्या पित्ताचं निमित्त काढत होती. कंजूस म्हणालो होतो तिला, इथं लिहून ठेवलंय तसं, मागच्या पानावर. खोडायला गेलो, मग म्हटलं राहू दे, माझ्या अकलेचा दाखला.

म्हणालो, आज भर.

"सांडंल."

सांडू दे.

तिनं काठोकाठ भरला. उचलला, एका हातानं. बशीत सांडला बराच. बशीतला आधी प्यायलो, मग कपातला. ती समोर बसून होती, मी तिच्याकडं बघत होतो.

उद्या दहाला दवाखान्यात जायचं, ती सोबत येते म्हणते. डॉक्टर काय म्हणेल ते उद्या. सेलूवाल्याला अजून काही कळवलेलं नाही. ब्रश कडक झाले होते, ते टर्पेंटाइनमध्ये भिजत घातलेत.